सभेच्या वहीतली दोन पानं

१

"वहीत काहीच नाही, बाई," फाटकमामा म्हणाला आणि उंबऱ्याशीच उकिडवा बसला.

बाईंनी खुर्ची पुढे केली तरी तो हलेना. सव्वीस वर्षं शाळेचं मागचं फाटक राखलेला माणूस, आणि आज त्याला खुर्चीचीसुद्धा धास्ती वाटत होती.

"काहीच नाही म्हणजे?"

"फाटकाला कुलूप लावायचा ठराव झाला होता ना सभेत? चार महिन्यांपूर्वी? तो वहीत नाही. सर म्हणतात, त्या महिन्यात परीक्षा होत्या, सभाच झाली नाही. म्हणजे कुलूप मी माझ्या मनानं लावलं."

त्या शाळेत एकतीस वर्षं बाईंनी शिवण आणि पुस्तकबांधणी शिकवली होती. मुलं पाठीमागे त्यांना सुईबाई म्हणायची. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सगळं गाव तोंडावरच म्हणत होतं.

कुलपाची गोष्ट त्यांना ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी मागच्या फाटकाशी गेली. फाटक बंद पाहून ती भिंतीवर चढली आणि पलीकडे पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता ती कुबड्यांवर चालत होती, आणि पाय थोडा ओढतच राहणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गेल्या आठवड्यात खात्याचे अधिकारी आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: कुलूप कोणाच्या हुकमानं लागलं?

"सभेत नऊ जण असतात," बाई म्हणाल्या. "नऊ तोंडं आहेत की!"

"नवांनाही आठवत नाही, बाई." मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शनिवारी सभा आहे. मला काढायचा ठराव आहे. आज मंगळवार."

बाईंना तो चटका मामापेक्षा जास्त लागला. ही सभा त्यांचंच लेकरू होतं. तीस वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, आणि त्यांनी मिळून ती उभी केली होती. तीन विद्यार्थी, तीन पालक, तीन शाळेतली माणसं. प्रत्येकाला एक मत, कोणाचंही कमी नाही की जास्त नाही. वृत्त लिहायची पाळी फिरती: एकदा विद्यार्थी, मग पालक, मग शाळेतलं माणूस. ज्याची पाळी, त्याच्या घरी वही महिनाभर राहायची. "घरोघरी वाचली गेली पाहिजे," मोठ्या बाई म्हणायच्या. आणि मत द्यायचं ते वयानं सगळ्यात लहान असेल त्यानं आधी. मोठ्यांचा हात आधी वर गेला की लहानांचा आपसूक जातो, म्हणून.

मोठ्या बाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. बरंच झालं, असं सुईबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मामा, चहा घे आणि घरी जा," त्या म्हणाल्या. "ती वही मी बघते."

२

मुख्याध्यापकांना मुलं 'घड्याळ' म्हणायची. उशिरा आलेल्या मुलाचा उशीर ते मिनिटांत सांगायचे.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला?" ते उठून म्हणाले. आदर दाखवायला त्यांचं काही जात नव्हतं. "वही बघा ना. लपवण्यासारखं काही नाही."

कारकुनानं कपाट उघडून वही आणली. पन्नाशी उलटलेला हा कारकून बाईंच्याच हाताखाली बांधणी शिकला होता. शाळेच्या साऱ्या नोंदवह्या अजून तोच शिवायचा. टेबलावर सुई, रीळ आणि मेणाचा गोळा कायम असायचा.

बाईंनी चष्मा पुसला. वही ओळखीची होती, त्यांच्या शेवटच्या वर्गातल्या मुलींनी बांधलेली. दर सभेला नवं पान, हाही जुनाच नेम. चार महिन्यांपूर्वीचं पान खरंच नव्हतं. फाटल्याची खूण नाही, मुळाशी चिंधी नाही. आधीच्या महिन्याचं पान, आणि लगेच नंतरच्या महिन्याचं.

"पाहिलंत?" घड्याळ म्हणाले. "सभा झालीच नाही."

बाईंनी बोट आधीच्या पानावर ठेवलं. "इथं लिहिलंय शिक्षकानं. मग पाळी विद्यार्थ्याची. पण पुढचं पान पालकानं लिहिलंय. सभा झाली नसती, तर विद्यार्थ्याची पाळी पुढच्या महिन्यात गेली असती. ती गेली कुठे?"

कारकुनानं उगाचच रीळ उचलून खाली ठेवलं.

"चुकून झालं असेल," घड्याळ म्हणाले. "आजकाल कोण एवढं पाळतं?"

"तुम्ही नाही पाळत? मिनिटं मोजणारे तुम्ही!"

त्यावर ते हसले, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

बाई पानं मागे उलटत गेल्या. आता त्या स्वतःची सही शोधत होत्या. गेल्या वर्षी मामाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सभेनं त्याचे आभार मानले होते. बाईंना बोलावणं होतं आणि त्यांनी वहीत सही केली होती. थरथरती, पण केली होती.

ती सही नव्हती. ते पानही नव्हतं.

बाईंनी वही टेबलावर उभी धरली आणि त्या जुडीची पानं अंगठ्यानं मोजली. सहा कागद दुमडून एक जुडी शिवायची, म्हणजे बारा पानं होतात. हे त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

दहाच भरली.

३

"दुमडलेल्या कागदाची दोन पानं असतात," घरी जाताना बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या. "दुसरं पान आणि अकरावं पान, एकाच कागदाचे दोन हात. एक ओढलं की दुसरं सुटणार."

मामाच्या सत्काराचं पान कोणाला नकोसं होतं? कोणालाच नाही. कुलपाचं पान नकोसं होतं, आणि हे त्याच्या दुसऱ्या अंगाला होतं म्हणून गेलं. गरिबाचं असंच असतं. आयुष्यात एकदा मिळालेली शाबासकी, तीही दुसऱ्याच्या पापाला चिकटून गेली.

पण कसं गेलं? कोणी ब्लेड चालवलं नव्हतं. कोणीतरी दोरा उसवून जुडी मोकळी केली, नेमका कागद उचलला, आणि जुडी जुन्याच भोकांतून पुन्हा शिवली. गाठ आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी. फाडणारा माणूस फाडतो. उसवतो तो शिवणारा. घड्याळ शर्टाचं बटणही बायकोकडून लावून घेत. ते सुटले.

आणि बाईंनी त्या जुडीचा दोरा बोटांत चोळून पाहिला होता. गुळगुळीत होता, हाताला चिकटला नाही. तेव्हा त्यांनी तो नुसता मनात नोंदवून ठेवला.

बुधवारी त्यांनी कारकुनाला शाळेबाहेरच्या पारावर गाठलं.

"अपघातानंतर वही कोणाकोणाकडे होती रे?"

"पहिले काही दिवस माझ्याकडे. मग महिनाभर चिमणीकडे." चिमणी म्हणजे सभेतली सगळ्यात लहान, सहावीतली. "आणि आता तीन आठवडे सिस्टरकडे. अधिकारी आले तेव्हा तिनंच आणून दिली."

सिस्टर दवाखान्यात परिचारिका होती. पडलेल्या मुलीची आई तीच.

"चिमणीला सुईत दोरा ओवता येतो?"

"बाई, आता बांधणी कोण शिकवतं? तुमच्या खोलीत संगणक ठेवलेत."

"म्हणजे शिवता येणारा राहिलास तू."

कारकुनाचा चेहरा पडला. "बाई, शपथेवर सांगतो, मी नाही. मी मेण लावल्याशिवाय टाका घालत नाही, तुम्हीच हातावर पट्टी मारून शिकवलंय."

"मग कुलपाच्या बाजूनं हात तरी वर केला होतास ना?"

त्यानं चपलेनं पाराजवळची माती उकरली. "पाच-सहा वर्षं राहिलीत, बाई. धड जाऊ द्या मला."

"तू धड जाशील," बाई उठत म्हणाल्या. "मामा जाईल तो मात्र चोरासारखा."

४

त्या महिन्याची पाळी होती नववीतल्या एका मुलाची. वाद घालण्यात पटाईत, म्हणून त्याला सगळे 'वकील' म्हणत. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो अभ्यासाला बसला होता. आई पाणी आणायला आत गेली.

"काय रे वकीलसाहेब, त्या महिन्याचं वृत्त तू लिहिलंस ना?"

"सभा झाली नव्हती," तो म्हणाला. पाठ केल्यासारखं म्हणाला.

"मी कोणत्या महिन्याचं ते बोललेच नाही."

वकिलाचे कान लाल झाले.

"मी विरोधात होतो, आजी," तो हळूच म्हणाला. "आम्ही तिघंही विद्यार्थी विरोधात. विज्ञानाच्या बाईसुद्धा. मी पाच मिनिटं बोललो. आग लागली तर काय, असंसुद्धा बोललो. पण हरलो."

"मग आता का गप्प?"

"सर म्हणाले, तुझा काहीतरी घोटाळा होतोय. दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा मीच लिहितो, हे लक्षात असू दे, असंही म्हणाले. हसतच म्हणाले." त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं. "आणि खरं सांगू? ते सारखं सारखं म्हणाले ना, की मग मलाही वाटायला लागलं, खरंच झाली होती का सभा?"

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागावण्यासारखं त्या पोरात काही नव्हतं. त्याला सभेत बसवून कारभार शिकवायला निघाले होते सगळे, आणि तो शिकला होता.

"किती मतांनी हरलात?"

"चारास चार झाली होती. शेवटचा हात उरला होता."

"कोणाचा?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि वकील वहीत तोंड घालून बसला.

बाई दाराबाहेर पडल्या, आणि चार पावलांवर थबकल्या. लहान आधी, मोठा शेवटी. सगळ्यांना वाटायचं सभेत घड्याळच वयानं मोठे. पण त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठं एक माणूस सभेत होतं, हे वर्गात हजेरी घेतलेल्या बाईंना पक्कं ठाऊक होतं.

५

सिस्टरचं घर दवाखान्यामागच्या चाळवजा खोल्यांत होतं. गुरुवारी दुपारी बाई गेल्या तेव्हा मुलगी खिडकीशी पलंगावर पुस्तक घेऊन पडली होती. उशाशी कुबड्या होत्या.

"ही दिवसभर वाचते," सिस्टर म्हणाली. "हाताला लागेल ते. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा."

"दुसरं काय करू?" मुलगी म्हणाली. "आजी, त्या मामाला काढणार म्हणे. बरं होईल! कुलूप लावणाऱ्याचं नाव कळू दे मला, अशी दाखवते ना!"

सिस्टर मोरीत हात धुवायला गेली. लाल, उग्र वासाचा दवाखान्याचा साबण होता. बाई तिच्या मागोमाग गेल्या आणि मोरीचं दार लोटलं.

चाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग त्यांना लख्ख दिसत होता. बांधणीच्या तासाला प्रत्येकीनं घरून मेण आणायचं. एका मुलीच्या घरी मेण नव्हतं. ती साबणाची वडी आणायची आणि दोरा त्यावरून ओढायची. इतर मुली हसायच्या. बाईही एकदा हसल्या होत्या. ते हसणं त्यांना आजवर बोचत होतं.

"मेण लावलेला दोरा बोटाला चिकटतो," बाई म्हणाल्या. "साबणाचा चिकटत नाही. काल परत जाऊन मी त्या दोऱ्याला नख लावलं. लालसर भुकटी निघाली. आणि वास आला. हाच."

सिस्टरनं नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"कारकून मेणाशिवाय शिवत नाही. चिमणीला शिवता येत नाही. राहिली तू. तुझ्यावर कोणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं. कुलूप कोणी लावलं हे कळायला हवं, ते सगळ्यात जास्त तुला, असं जो तो समजत होता. पण शेवटचा हात तुझा होता. चारास पाच."

"मला ही उशिरा झाली, बाई," सिस्टर म्हणाली. "बारा वर्षं वाट बघून. एकदा भर दुपारी दवाखान्यातून येताना मी हिला रस्त्यावर बघितलं, ट्रकच्या पुढून पळताना. मधल्या सुट्टीत मागच्या फाटकानं निसटायची. सभेत विषय आला, सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला. हिच्यासाठीच केला."

"आणि वही?"

"पाळी माझी, वही घरी आली. ही दिवसभर वाचते. पहिल्याच दिवशी म्हणाली, दे ना आई, बघू कोणी ठराव केला." तिनं ओले हात तसेच पदरात धरले. "मी म्हटलं, उद्या देते. ती झोपली तेवढ्यात उसवलं."

"मामावर आलं तेव्हा तरी बोलायचंस."

"मला वाटलं, कोणीतरी बोलेल." सिस्टरनं पहिल्यांदा वर बघितलं. "आठ जण होते, बाई. मी पान काढलं, पण त्यांची तोंडं तर नाही शिवली. रोज वाटायचं, आज एक तरी बोलेल. मग लक्षात आलं, माझ्या पापाची त्यांना केवढी सोय झाली ते."

कोडं सुटून बाईंच्या हाती आलं ते असं.

"फाडलंस ते पान?"

"नाही. लिहिलेलं फाडायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

"मग शनिवारी तू आण. नाहीतर मला तोंडानं सांगावं लागेल. एका माणसाचं आयुष्य आहे."

"आणि हिला?"

"तिला आधी तू सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस."

बाहेरून कुबडीचा ठक आवाज आला. मोरीच्या दाराशी. मग तो आवाज हळूहळू परत पलंगाकडे गेला.

६

शनिवारी दुपारी सभेच्या खोलीत नऊ खुर्च्या मांडल्या होत्या. बाई भिंतीशी बाकावर बसल्या. त्यांना मत नव्हतं. मामा दाराशी टोपी हातात धरून उभा होता. बाहेरच्या कट्ट्यावर सिस्टरची मुलगी बसली होती, दाराकडे पाठ करून.

विषय वाचला जायच्या आत सिस्टरनं पिशवीतून दुमडलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. ती उभी राहून वाचू लागली. आधी मामाच्या सत्काराचं पान. मग कुलपाचं, वकिलाच्या वळणदार अक्षरातलं. कोणी काय म्हटलं, कोणी कसं मत दिलं. शेवटचं मत कोणाचं. खाली नऊ सह्या.

"पान मी काढलं," ती म्हणाली. "मामानं हुकमाबाहेर काही केलं नाही. ठराव आपला होता."

खोलीत सगळ्यांना एकदम आठवलं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, हो, मला वाटतच होतं. कारकून म्हणाला, तारीख तेवढी लक्षात नव्हती. एका पालकानं चक्क सुस्कारा सोडला. मामाला काढायचा विषय दोन मिनिटांत मागे घेतला गेला. मामाची कोणी माफी मागितली नाही. त्यानं टोपी घातली आणि तो फाटकाकडे निघून गेला.

"आता एक अप्रिय काम," घड्याळ म्हणाले. "सभेच्या वहीत फेरफार ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सिस्टरांचं सभासदत्व रद्द करावं, असं मी सुचवतो."

बाई बाकावरून उठल्या. "आणि ज्यांनी चार दिवसांपूर्वी सभाच झाली नाही म्हणून सांगितलं, त्यांचं काय?"

"बाई, आपण निमंत्रित आहात," घड्याळ म्हणाले, अगदी आदरानं. "मतदान. प्रथेप्रमाणे."

प्रथेप्रमाणे म्हणजे चिमणीपासून. चिमणीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तिनं सिस्टरकडे बघितलं. मग घड्याळाकडे. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. चिमणीचा उजवा हात मांडीखालून निघाला आणि हळूहळू वर गेला.

मग तिच्या शेजारचा. मग वकिलाचा, तो खिडकीबाहेर बघत होता. विज्ञानाच्या बाई, दोन पालक, कारकून, घड्याळ. आठ हात. ज्यांनी पान पळवलं नाही, नुसती ती सभा गिळली, ते आठही.

"लिहून घ्या," घड्याळ म्हणाले, आणि थांबले. पाळी कोणाची आहे हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

पाळी पालकाची होती. सिस्टरची.

"लिहिते," ती म्हणाली. तिनं वही पुढे ओढली आणि नवं पान काढलं. "कारण काय लिहू?"

चिमणीनं हात परत मांडीखाली दडवले.

"सभेचा विश्वास गमावला," शेवटी घड्याळ म्हणाले.

तिनं तसं लिहिलं. मुलीला वेणी घालावी तसं सावकाश, एकेक अक्षर ओढून. सह्यांसाठी वही फिरवली. मग पिशवी उचलून ती बाहेर गेली. मुलगी कट्ट्यावरून उठली होती आणि कुबड्या टेकत पुढे निघाली होती. आईसाठी थांबली नाही, मागे वळली नाही. मामानं फाटक उघडून धरलं. आधी मुलगी गेली, मग बरंच अंतर ठेवून आई.

खोली रिकामी झाल्यावर बाईंनी वही जवळ घेतली. काढलेला कागद परत जुडीत शिवायचा होता, आणि ते काम आता त्यांना दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नव्हतं. त्यांनी सुई काढली. ओवण्याआधी चष्मा नीट बसवून आजचं पान वाचलं. सिस्टरचं अक्षर चाळीस वर्षांपूर्वी होतं तसंच सुबक होतं.

आठ विरुद्ध शून्य, असं लिहिलं होतं. आणि त्याखाली, कोणी सांगितलं नसताना, तिनं आणखी एक ओळ घातली होती:

"मतदान नेहमीप्रमाणे लहानांपासून झालं."